कळफलकाची स्मरणशक्ती आणि आपले परवलीचे शब्द

गतवर्षी मृगाच्या सुमारास आमच्या पेढीवर खानापूरकडील एक किरकोळ दुकानदार बसले होते. पंधरा पोती तांदूळ आणि चार पोती तूरडाळ असा त्यांचा माल भरून झाला होता आणि गाडीवाल्याला पत्ता तेवढा कळवावयाचा होता. आमचा चष्मा घरी राहिलेला. तेव्हा ‘तुम्हीच लिहा’ असे म्हणून आम्ही आपला मोबाईल त्यांच्या हाती दिला. त्यांनी प्रथम आमच्या पेढीचे नाव इंग्रजी लिपीत लिहावयास घेतले. चार अक्षरे होतात न होतात तोच कळफलकाच्या माथ्यावरील पट्टीत पेढीचे नाव व त्याला चिकटलेले एक साल असा अखंड शब्द आपोआप उमटला.

‘अण्णा, हे काय मध्येच येतंय?’ त्यांनी विचारले.

ते साल आमच्या तीर्थरूपांनी पेढी स्थापन केल्याचे होते आणि तो शब्द म्हणजे आमच्या जीएसटी खात्याचा पासवर्ड होता. अखेरचे एक चिन्ह काय ते गळले होते. गृहस्थ सज्जन, त्यांना त्यातले काही उमगले नाही. आम्हांस मात्र भर उकाड्यात थंडगार घाम फुटला. कारण थोड्याफार फरकाने तोच शब्द बँकेच्या खात्यालाही होता आणि ज्या ईमेलवर सर्व खात्यांच्या चाव्या येऊन पडतात त्या ईमेललाही होता. ज्याने गल्ल्याची किल्ली कधी गड्याच्या हाती दिली नाही, त्याने सबंध तिजोरी येणाऱ्याजाणाऱ्यापुढे उघडी टाकली होती.

हे घडले कसे, याचा उलगडा रात्री आमच्या सूनबाईंनी केला. पूर्वीच्या अंकांच्या कळा असलेल्या फोनवर ‘टी-नाईन’ नावाची युक्ती असे. एका कळेवर तीन-चार अक्षरे असत आणि कोणता शब्द अभिप्रेत आहे हे फोन आपल्या शब्दकोशात पाहून ताडीत असे. सांप्रतचा कळफलक त्याच्या पुष्कळ पुढे गेला आहे. आपण जे लिहितो त्यातून तो शिकतो. कोशात नसलेला एखादा शब्द आपण दोन-चार वेळा लिहिला, किंवा त्याने सुचविलेली दुरुस्ती नाकारून आपलाच शब्द कायम ठेवला, की तो शब्द तो आपल्या टिपणात नोंदवून ठेवतो. कोणत्या शब्दामागून कोणता येतो हेही तो ध्यानात ठेवतो. जुन्या पेढीवरील मुरलेल्या दिवाणजींसारखेच हे होय. आपण तोंड उघडण्यापूर्वी त्यांना पुढचे वाक्य ठाऊक! फरक इतकाच की, दिवाणजींना काय बोलावे आणि कोणासमोर गप्प बसावे हे कळत असे. कळफलकास माणूस ओळखता येत नाही. फोन ज्याच्या हाती, तो त्याचा शेठ.

येथे एक शंका सहज उद्भवते. पासवर्ड लिहिण्याच्या चौकटीत तर अक्षरांऐवजी ठिपके उमटतात. मग तो कळफलकाला कळावा कसा? शंका रास्त आहे. ती चौकट गुप्त असल्याची खूण कळफलकास दिलेली असते आणि चांगला कळफलक तेथे ना काही सुचवितो, ना काही शिकतो. यूपीआयच्या पिनाची व्यवस्था तर आणखी कडेकोट आहे. तो पिन आपण ज्या अंकपटावर दाबतो तो अंकपट आपल्या कळफलकाचा नसून राष्ट्रीय भुगतान निगमाने पुरविलेला निराळा असतो. म्हणजे तिजोरीच्या दारात चोरी झालेली नाही. चोरी झाली ती ओसरीवर.

दरमहा विवरणपत्र भरण्याची मुदत जवळ आली की आमच्या करसल्लागारांच्या कचेरीतून ‘पासवर्ड पाठवा’ असा निरोप येई. तेथील कारकून वरचेवर बदलत आणि नवा आलेला प्रत्येक जण नव्याने विचारी. आम्हीही निःशंकपणे तो व्हॉट्सॲपवर लिहून धाडीत असू. विसरू नये म्हणून फोनमधील टिपणवहीतही तो एकदा लिहिला होता. शिवाय घाईगर्दीत एक-दोनदा तो नावाच्या चौकटीत लिहिला गेला होता, आणि ती चौकट तर सर्वसाधारण असते. निरोपाची जागा, टिपणवही, नावाची चौकट: या तिन्ही ठिकाणी कळफलकाचे कान उघडे असतात.

हे शिकलेले शब्द फोनमध्येच राहिले तर प्रश्न घरातला म्हणावयाचा. परंतु काही कळफलक ते बाहेरही नेतात. जुलै २०१६ मध्ये ‘स्विफ्टकी’ या प्रसिद्ध कळफलकाच्या काही ग्राहकांना आपल्या पट्टीवर सर्वस्वी अनोळखी लोकांचे ईमेल पत्ते दिसू लागले आणि कंपनीला शब्दांची देवघेव करणारी सेवा स्थगित करावी लागली. डिसेंबर २०१७ मध्ये ‘एआय.टाईप’ या कळफलकाच्या सुमारे तीन कोटी दहा लाख ग्राहकांची माहिती उघड्यावर पडलेली आढळली. तिच्यात लोकांनी लिहिलेला मजकूर होता, आणि क्वचित ईमेल व त्यापुढे पासवर्ड अशा जोड्याही होत्या. ज्या यंत्रावर ती माहिती ठेवली होती त्या यंत्रालाच पासवर्ड नव्हता, हे विशेष! रंगीबेरंगी अक्षरांच्या मोहाने नातवंडे जे फुकटचे कळफलक फोनमध्ये भरतात, त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांनी एकदा पाहावे.

आमचे प्रकरण त्याच रात्री निस्तरले. प्रथम ईमेलचा, मग बँकेचा, मग जीएसटीचा असे तिन्ही पासवर्ड बदलले व ते परस्परांहून अगदी भिन्न ठेवले. नंतर कळफलकाची स्मृती पुसली. गूगलच्या कळफलकात सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी’ या सदरात शिकलेले शब्द पुसण्याची सोय आहे. तो एक अंक दाखवितो, तोच आपण लिहून दाखवावा लागतो. एखादाच शब्द घालवावयाचा असल्यास पट्टीवरील त्या शब्दावर बोट दाबून धरावे व तो कचऱ्याच्या टोपलीत ओढून टाकावा. आयफोनमध्ये ‘जनरल’ या सदराखाली ‘रीसेट’ मध्ये ‘रीसेट कीबोर्ड डिक्शनरी’ असे कलम आहे. व्हॉट्सॲपवरील जुने निरोपही काढून टाकले; परंतु ते समोरच्याच्या फोनमध्ये राहिलेले असणार, म्हणून पासवर्ड बदलणे हाच खरा उपाय.

नवा पासवर्ड पेढीच्या नावाचा, सालाचा अथवा नातवाच्या नावाचा नको, हे आता सांगणे न लगे. ईमेलसाठी आम्ही एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले पाच शब्द फाशांनी निवडले. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सुचविलेली ही रीत आहे: पाच वेळा फासा टाकावा, येणाऱ्या आकड्यांवरून ७७७६ शब्दांच्या यादीतील एक शब्द उचलावा, आणि असे शब्द जोडावेत. मात्र हे शब्द पट्टीवरून बोटाने उचलू नयेत आणि साध्या चौकटीत लिहून पाहू नयेत. नाहीतर एकामागून एक ते स्वतःच सुचविले जातील. पट्टीवरून उचललेल्या शब्दामागे कळफलक बहुधा एक मोकळी जागाही सोडतो, तीही अक्षरात धरली जाते, आणि पासवर्ड बरोबर असूनही खाते आपणांस ओळखीत नाही. पाचही शब्द आम्ही एका वहीत लिहून तिजोरीत ठेवले आहेत. यावर तरुण मंडळी हसतात, हसोत. ती वही कोणाला काही सुचवीत नाही.

राहता राहिले करसल्लागार. जीएसटीच्या संकेतस्थळावर आपल्या वतीने काम पाहणारा नोंदणीकृत प्रॅक्टिशनर नेमण्याची सोय आहे. तो आपल्या स्वतःच्या नावाने व पासवर्डाने आत जातो. आपली किल्ली आपल्यापाशीच राहते. ही सोय इतकी वर्षे असताना आम्हांस ती कोणी सांगितली नाही आणि आम्हीही विचारली नाही. त्यांच्या कचेरीने प्रथम कुरकुर केली, कारण निरोपाने पासवर्ड मागविणे त्यांना सोपे पडे. परंतु महिन्याभरात ते मार्गी लागले.

आता पेढीचे नाव लिहिले की पट्टीवर ‘बाकी’ हा शब्द प्रथम येतो. उधारीची स्मरणपत्रे धाडून धाडून कळफलक तेवढे शिकला आहे. तो शब्द खानापूरच्या पाहुण्यांनी वाचला, तर आमची काहीच हरकत नाही.