पांडुरंग सांगवीकराचे बंड

भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातील सधन शेतकऱ्याचा मुलगा. पुण्यास शिकावयास गेलेला हा तरुण वडिलांचे पैसे उधळतो, परीक्षेत नापास होतो आणि अखेर सांगवीला परततो. वरवर पाहता ही अपयशाचीच कहाणी होय. परंतु हे अपयश कोणत्या हिशेबाने ठरविले जाते?

मुलाच्या शिक्षणाकडे घर गुंतवणूक म्हणून पाहते. पदवी, नोकरी आणि प्रतिष्ठा हे तिचे अपेक्षित व्याज. पांडुरंगाचा नकार आहे तो या सौद्याला. मात्र आपल्या बंडाचा खर्चही वडिलांच्याच खिशातून भागतो, याची जाणीव त्याला आहे. त्यामुळेच त्याचे बंड पोकळ घोषणा ठरत नाही. धाकट्या मनीच्या मृत्यूपुढे तर जमाखर्चाची सारी भाषाच निरर्थक होते.

गुणपत्रिका घेऊन घरी जाण्यास कचरणारा विद्यार्थी आजही दिसतो. त्याला नापास ठरविण्यापूर्वी आपण त्याच्यापुढे कोणता सौदा ठेवला होता, हे पालकांनी आणि शिक्षकांनी स्वतःस विचारावयास हवे.