टॅबची बॅटरी पुरवून वापरताना

टॅबची बॅटरी सर्वांत जास्त खाते ती स्क्रीन. त्याखालोखाल प्रोसेसर, नेटवर्कसाठी धडपडणारा मोडेम आणि मालकाच्या नकळत मागे चालू राहणारी अ‍ॅप्स. बॅटरी सेव्हर किंवा लो पॉवर मोड लावल्याने बॅटरीत काही भर पडत नाही. या खर्चाला कात्री लागते, इतकेच.

अँड्रॉइडमध्ये बॅटरी सेव्हर २०१४ साली, पाचव्या आवृत्तीत आला. पुढच्याच वर्षी 'डोझ' आले. चार्जरला न लावलेला टॅब स्क्रीन बंद करून एका जागी पडून राहिला, की अ‍ॅप्सना नेटवर्क फक्त अधूनमधून वापरू दिले जाते. आयफोनला लो पॉवर मोड २०१५ मध्ये मिळाला. आयपॅडला मात्र आयपॅडओएस १५ येईपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. सॅमसंगच्या टॅबमध्ये प्रोसेसरचा वेग ७० टक्क्यांवर आणण्याची सोय असते. ही युक्ती सर्वांत हिशेबी म्हणावी लागेल. वेग उतरला की व्होल्टेजही उतरवता येते आणि प्रोसेसरचा वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणून थोडा वेग सोडला तरी बचत बरीच होते, आणि पुस्तक वाचताना तो वेग गेल्याचे कळतही नाही.

सुरतेत रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये टॅबवर साड्यांची डिझाइने दाखवायची असतील, तर गोष्ट वेगळी. मोड लावताच स्क्रीन मंद होते, जरीचा रंग फिका दिसतो आणि व्यापारी दुसऱ्या दुकानाकडे वळू शकतो. अशा वेळी ब्राइटनेस हाताने वाढवून बाकीची काटकसर चालू ठेवावी. डार्क मोडवर भिस्त ठेवू नये. बहुतेक स्वस्त टॅबची स्क्रीन एलसीडी असते. तिच्यात काळ्या रंगामागेही दिवा जळतच राहतो. काळ्या रंगाने वीज वाचते ती ओएलईडी स्क्रीनवर.

लिंबायत, उधना, डिंडोली भागातली खानदेशी कुटुंबे ताप्ती मार्गाच्या गाडीने नंदुरबार-जळगावकडे निघतात, तेव्हा बॅटरीचा शत्रू नेटवर्क असतो. सिग्नल क्षीण झाला की मोडेम जास्त शक्ती लावतो. पोरांसाठी सिनेमा घरच्या वायफायवर उतरवून घेतला आणि गाडीत एअरप्लेन मोड लावला, तर एकट्या बॅटरी सेव्हरपेक्षा जास्त फायदा होतो.

उन्हाळा हा सुरतेचा आणखी एक प्रश्न. अ‍ॅपलच्या सूचनेप्रमाणे आयपॅड ० ते ३५ अंश तापमानात वापरायचा असतो आणि एप्रिल-मेमध्ये इथला पारा ती मर्यादा सहज ओलांडतो. उष्णतेने लिथियम बॅटरीची क्षमता कायमची घटते. मोड लावल्याने प्रोसेसर कमी तापतो खरा, पण उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत टॅब विसरला तर त्या मोडचा काही उपयोग नाही.

बहुतेक जण २० टक्क्यांची सूचना आल्यावरच मोड लावतात. दिवस मोठा असेल तर तो सकाळीच लावावा. वाचवायला बॅटरी शिल्लक असते तेव्हाच बचत मोठी होते. त्याबदल्यात मेल उशिरा येतो आणि फोटोंचा बॅकअप थांबतो, हे लक्षात असावे. आयपॅडवर चार्जिंग ८० टक्क्यांपर्यंत गेले की मोड आपोआप सुटतो, तेव्हा तो पुन्हा लावावा लागतो. पाच-सहा वर्षे वापरून थकलेल्या बॅटरीला मात्र कोणताच मोड पुरा पडत नाही. ती बदलून घेणे हाच उपाय.