बाळकुमच्या गच्चीवरून नेब्युलाचा फोटो: शहराच्या उजेडातही हे कसं जमतं?

ठाण्यात बाळकुमच्या एखाद्या टॉवरच्या गच्चीवर गेलात, तर रात्रीचं आकाश काळं नाही, करडं दिसतं. तरीही इथूनच नेब्युलाचा, म्हणजे तेजोमेघाचा, रंगीत फोटो काढता येतो. कसा? चला, समजून घेऊया.

कुठला नेब्युला निवडायचा?

मृग नक्षत्रात एका ओळीत तीन तारे दिसतात, म्हणजे हरणाला लागलेला बाण. त्यांच्या थोडं दक्षिणेला एम ४२, म्हणजेच ओरायन नेब्युला आहे. अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षं. जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास तो दक्षिणेला ६५ अंश उंचीवर असतो, त्यामुळे समोरच्या बिल्डिंगा सहसा आड येत नाहीत.

खरी गंमत कशात आहे?

इथल्या अतिउष्ण ताऱ्यांच्या अतिनील किरणांमुळे आजूबाजूचा वायू स्वतः चमकतो. पण तो मोजक्याच रंगांत चमकतो. हायड्रोजनचा लाल रंग ६५६.३ नॅनोमीटरला, तर ऑक्सिजनचा हिरवट-निळा ५००.७ नॅनोमीटरला. रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडीचा उजेड मात्र सगळ्या रंगांत पसरलेला असतो. ड्युअल-बँड फिल्टर या दोन रंगांच्या आसपासचा प्रकाश आत सोडतो आणि बाकीचा बराचसा अडवतो. दीर्घिकांच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही, कारण ताऱ्यांचा प्रकाशही सगळ्या रंगांत असतो. फिल्टर लावला की तोही जातो.

फक्त फोन असेल तर?

१. फोन ट्रायपॉडवर लावा. प्रो मोडमध्ये फोकस इन्फिनिटीला, आयएसओ ८००, शटर १० सेकंद आणि टायमर ३ सेकंद ठेवा. फोटो पांढरा पडला तर आयएसओ कमी करा.

२. झूम केलंत तर शटरची वेळ कमी करा. पृथ्वी फिरते, त्यामुळे ताऱ्यांच्या रेघा उमटतात.

३. असे १०० फोटो काढा आणि कॉम्प्युटरवर सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचा. याला स्टॅकिंग म्हणतात. १०० फोटोंमुळे दाणेदारपणा साधारण दहापट कमी होतो.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. फोनच्या सेन्सरपुढची काच हायड्रोजनचा बराचसा लाल प्रकाश अडवते. त्यामुळे नेब्युला छोट्या, फिकट गुलाबी ठिपक्यासारखा येईल.

पुढची पायरी

सीस्टार एस५० सारख्या स्मार्ट टेलिस्कोपमध्ये ५० मिलिमीटरची लेन्स आणि आतच बसवलेला फिल्टर असतो. तो नेब्युला स्वतः शोधतो, त्याच्या मागे फिरतो आणि स्टॅक केलेला फोटो तुमच्या फोनवर दाखवतो. पण लगेच खर्च करू नका. वांगणीला होणाऱ्या खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाला एकदा जाऊन या. तिथे टेलिस्कोपमधून आकाश बघा, मग ठरवा.

आणि हो, फोटो काढायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून गच्चीवरचा हॅलोजन तासभर बंद करून घ्या. लेन्सवर थेट पडणारा उजेड कुठलाच फिल्टर पूर्ण थांबवत नाही. शिवाय तेवढा वेळ चार तारे नुसत्या डोळ्यांनीही जास्त दिसतील!