संघाची पुनर्बांधणी की गैरव्यवस्थापन? : भारतीय पुरुष हॉकी संघाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
सतत पराभूत होणाऱ्या संघाविषयी 'पुनर्बांधणी सुरू आहे' असे सांगितले जाते. हा शब्द कधी वस्तुस्थिती सांगतो, तर कधी केवळ अपयश झाकतो. दोहोंतील फरक गुणतक्त्यावरून कळत नाही, कारण पराभव दोन्ही अवस्थांत होतात. प्रस्तुत लेखात भारतीय हॉकीच्या आधारे हा फरक स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

गैरव्यवस्थापनाचा कालखंड :
1928 ते 1980 या काळात भारताने ऑलिंपिकमध्ये 8 सुवर्णपदके मिळविली. 1976 मध्ये माँट्रियल येथे ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली व भारत सातव्या स्थानी राहिला. मैदान बदलल्याने वेग आणि शारीरिक क्षमता यांचे महत्त्व वाढले. परंतु देशातील बहुसंख्य मुले दीर्घकाळ माती-गवतावरच खेळत राहिली. 1986 च्या विश्वचषकात संघ शेवटच्या, म्हणजे बाराव्या स्थानी गेला.

1998 चे उदाहरण अधिक बोलके आहे. खडकीचे धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली बँकॉक आशियाई स्पर्धेत 32 वर्षांनंतर सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर लगेचच धनराज यांच्यासह अनेक अनुभवी खेळाडू वगळले गेले आणि प्रशिक्षक एम. के. कौशिक यांनाही दूर करण्यात आले. 2004 मध्ये अथेन्स ऑलिंपिक तोंडावर असताना प्रशिक्षक बदलला गेला. मार्च 2008 मध्ये सँतियागो येथे ब्रिटनकडून 0-2 असा पराभव झाला आणि 1928 नंतर प्रथमच भारत ऑलिंपिकला मुकला. मुंबईचे प्रशिक्षक जोकिम कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. मात्र दोष एका व्यक्तीचा नव्हता.

पुनर्बांधणीची लक्षणे :
2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारत पुन्हा बारावा आला. केवळ निकाल पाहिल्यास ही घसरणच होय. तथापि 2013 पासून रोलंट ओल्टमन्स यांच्याकडे दीर्घकालीन कामगिरीची जबाबदारी आली. डिसेंबर 2016 मध्ये लखनौ येथे कनिष्ठ विश्वचषक जिंकलेल्या संघातील हरमनप्रीत सिंग, मनदीप सिंग, सुमित आदी खेळाडू पुढे 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक विजेते ठरले. 2018 पासून ओडिशा शासनाचे प्रायोजकत्व लाभल्याने आर्थिक स्थैर्यही आले.

याच काळात टेरी वॉल्श व पॉल व्हॅन अ‍ॅस हे प्रशिक्षक अल्पावधीत गेले, हे नाकारता येत नाही. म्हणजे गैरव्यवस्थापन पूर्णतः संपले नव्हते. परंतु कनिष्ठ गटातून वरिष्ठ संघाकडे येणारा प्रवाह खंडित झाला नाही. 2023 च्या विश्वचषकात अपयश आल्यावर प्रशिक्षक ग्रॅहम रीड पायउतार झाले, तरी कर्णधार हरमनप्रीत कायम राहिले. त्यांच्याच नेतृत्वाखाली 2024 मध्ये पॅरिस येथे पुन्हा कांस्यपदक मिळाले.

निष्कर्ष :
संघाची अवस्था ओळखण्यासाठी तीन प्रश्न उपयुक्त ठरतात. पराभवाचे कारण निश्चित करून त्यावर उपाय होतो काय? तरुण खेळाडूंना चुका सुधारण्याइतका अवधी मिळतो काय? पदाधिकारी वा प्रशिक्षक बदलले तरी योजना टिकते काय? उत्तरे होकारार्थी असतील, तर बाराव्या स्थानावरील संघही घडत असतो. ती नकारार्थी असतील, तर 1998 प्रमाणे सुवर्णपदक जिंकलेला संघही मोडू शकतो. या दिरंगाईची किंमत खेळाडू मोजतो. कारण व्यवस्थेला पुढची स्पर्धा असते, खेळाडूच्या उमेदीची वर्षे मात्र परत येत नाहीत.