मांडायचं आणि आवरायचं

वसई रोडहून दिव्याकडे निघालं की पहिलंच स्टेशन जूचंद्र. टेकडीवर चंडिकादेवीचं देऊळ, खाली आगरी वस्तीचं जुनं गाव, आणि आता चहूबाजूंनी चढत आलेल्या नायगाव पूर्वेच्या इमारती. पंचक्रोशीत या गावाला रांगोळी कलाकारांचं गाव म्हणतात. दिवाळीत इथे रांगोळ्यांची प्रदर्शनं भरतात आणि तिथे ठिपक्यांच्या कमळांपेक्षा माणसांचे चेहरेच जास्त दिसतात. म्हातारीच्या गालावरच्या सुरकुत्या, धातूच्या भांड्यावर पडलेला उजेड, ओल्या डोळ्यांतली चमक हे सगळं चिमटीतून सुटलेल्या पुडीचं असतं. रांगोळीत लेक कलर मिसळून छटा तयार करायच्या, पंखा बंद ठेवायचा, तासन्‌तास वाकून बसायचं. सपाट फरशीवर खोली आणि उठाव दिसायला लागतो. मग प्रदर्शन संपतं आणि झाडू फिरतो.

बाहुल्यांच्या आराशीवर लिहायला बसले आणि जूचंद्रपासून सुरुवात केली, ती या झाडूमुळे. लहान जागेत छोटं जग उभं करण्याची आपली रीत त्या झाडूत आहे, असं मला वाटतं.

युरोपातली रीत वेगळी. ॲमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमनचं बाहुलीघर १६८६ ते १७१० या काळात घडलं. ते कपाटात मांडलेलं घर आज तिथल्या राईक्सम्युझियममध्ये आहे. त्यावर झालेल्या खर्चात कालव्याकाठी खरंखुरं घर आलं असतं, असं सांगतात. नवी दिल्लीचा आराखडा करणाऱ्या एडविन ल्युटेन्सनी १९२१ ते १९२४ मध्ये राणी मेरीसाठी बाहुलीमहाल रचला, तो विंडसरच्या किल्ल्यात आहे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये श्रीमती थॉर्न यांनी करवून घेतलेल्या ६८ इवल्या खोल्या आहेत. त्यांचं कौशल्य थक्क करणारं आहेच. पण या सगळ्यांना कायमची जागा लागते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं झोपतात, त्या घराने ती कुठून आणायची? आपल्या घरांनी जागेऐवजी दिवस मोजून दिले.

चैत्रगौर घ्या. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर माहेरपण भोगते. पण बाहुल्यांची मोठी आरास पुष्कळ घरांत हळदीकुंकवाच्या एकाच दुपारची असते. सकाळी पत्र्याचे डबे, पाट आणि ट्रंका एकावर एक रचून पायऱ्या व्हायच्या. त्यांवर आईची ठेवणीतली साडी पडली की डबा ओळखू येत नसे. मग वर बाहुल्या, पितळी भातुकली, सावंतवाडीची लाकडी फळं, कलिंगडाचं कोरलेलं कमळ. ही फळं पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची, म्हणून डगमगत्या डब्यावरही निभावून जात. खाली दारात चैत्रांगण: पाळणा, तुळशीवृंदावन, गोपद्मं, सूर्यचंद्र, फणी-करंडा. आराशीत जे मांडायला जागा पुरत नसे ते रांगोळीने काढून घेतलेलं असे. आंब्याची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे घेऊन बायका उठल्या की संध्याकाळी त्याच डब्यांतून पुन्हा पीठ निघायचं.

या आराशीत गंमत मापाची आहे. पाळण्यातली गौर बोटभर आणि भोवतीच्या बाहुल्या तिच्या दुप्पट-तिप्पट. दिवाळीच्या किल्ल्यात याच्या उलट. सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा मोठे, मावळे त्यांच्या गुडघ्याएवढे, आणि उगवलेले अळीव म्हणजे रान. हे मुलांना मापाचं कळत नाही म्हणून घडतं, असं मी मानत नाही. तिथे आकार अंतरावर ठरत नाही, मानावर ठरतो. वसईच्या मुलांना तर १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकलेला खरा किल्ला हाकेच्या अंतरावर आहे. तरी इमारतीच्या जिन्याखाली दगड, गोणपाट आणि चिखल यांतून ती आपला किल्ला उभारतात, आणि तुळशीच्या लग्नाच्या आसपास माती परत कुंड्यांत जाते.

मग डिसेंबरात याच तालुक्यात नाताळचे गोठे सजतात. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेली आणि त्यांच्याबरोबर ही परंपरा या किनाऱ्यावर आली असावी. तिचं मूळ संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो इथे मांडलेल्या गोठ्यात सांगतात. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत पेंढ्याचं छप्पर, मेंढरं, मेंढपाळ आणि बाळ येशू असं सगळं ओट्याच्या कोपऱ्यात मावतं. तीन राजांचा सण झाला की तेही उचललं जातं.

तिकडे तंजावरला, जिथे भोसल्यांचं राज्य १६७६ ते १८५५ टिकलं, तिथली मराठी घरं नवरात्रात तमिळ शेजाऱ्यांसारखाच कोलू मांडतात. पायऱ्या विषम, बाहुल्या पिढीजात. दसऱ्यानंतर त्याही पेटीत.

आता फ्लॅटमध्ये कुणाला खोलीचा देखावा करायचा असेल तर एक हिशोब उपयोगी पडेल. जगभरचे हौशी लोक फुटाला एक इंच हे माप धरतात. त्या हिशोबाने दहा बाय बाराची खोली दहा इंच बाय बारा इंचांत बसते, म्हणजे भिंतीतल्या फळीवर. सात फुटी दार सात इंचांचं, सव्वापाच फुटांची बाई सव्वापाच इंचांची. मात्र घरातली भातुकली या मापात क्वचितच बसते. तवा बाहुलीच्या डोक्याएवढा निघतो. तो फेकू नये, पुढच्या कडेला ठेवावा. मोठं पुढे, लहान मागे, आणि मागची भिंत किंचित अरुंद केली की बोटभर खोलीला हातभर खोली येते. जूचंद्रचा कलाकार फरशीवर छटांनी साधतो तेच हे. देखावा बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येईल, इतकाच उंच असावा. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मखरवाल्यांची पंचाईत झाली, पण घरच्या आराशीला फारसं काही अडलं नाही. पुठ्ठा, काड्यापेट्या, शिंप्याकडच्या चिंध्या, नारळाच्या करवंट्या यांवरच ती जगत आली आहे.

आवरणं हे मांडण्याइतकंच कसबाचं काम आहे आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही. मातीच्या बाहुलीचे हात आधी गुंडाळायचे, मग अंग. पाळण्याच्या कड्या सोडवून वेगळ्या पुरचुंडीत. गौर तिच्या नेहमीच्या जागी, देव्हाऱ्यात. भातुकली मोठ्यात लहान घालत एका पातेल्यात. सगळं वर्तमानपत्रात बांधून ट्रंक माळ्यावर चढते. पुढच्या चैत्रात ती खाली येते तेव्हा घरातलं कुणीतरी हमखास तिथेच फतकल मारून बसतं, पिवळ्या कागदावरची गेल्या वर्षीची बातमी आधी वाचतं, आणि मग बाहुली बाहेर काढतं.