एकाच तेलातून उजेड आणि फेस

घरात साधी मेणबत्ती असेल तर आधी एक गंमत करून बघा. ती थोडा वेळ जळू द्या, मग फुंकर मारा. वातीतून पांढरट धुराची रेघ वर चढेल. वातीपासून बोटभर उंचीवर त्या रेघेला जळती काडी लावा. ज्योत धुरावरून सर्रकन खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते! काडी वातीला शिवलेलीसुद्धा नसते.

मग पेटलं काय? ती धुराची रेघ म्हणजे मेणाची वाफ, हवेत गार होऊन तिचे बारीक कण झालेले. मेणबत्तीत घट्ट मेण जळत नाही आणि पातळ मेणही जळत नाही. पातळ मेण वातीच्या धाग्यांमधल्या फटींतून वर चढतं, ज्योतीच्या धगीनं त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. स्वतःचं इंधन स्वतःच वितळवायचं, स्वतःच उपसायचं, स्वतःच त्याचा वायू करायचा, आणि हे सगळं एकही हलता भाग नसताना! शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांना याचं इतकं अप्रूप होतं की १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी मुलांसमोर सहा व्याख्यानं दिली, ती सगळी मेणबत्तीवर. हा धुराचा प्रयोगही त्यांनी तिथे करून दाखवला.

ज्योत पिवळी का दिसते, तेही ऐका. मेणाची वाफ जळताना मध्येच तुटते आणि कार्बनचे सूक्ष्म कण तयार होतात. ते कण तापून लखलखतात, तो हा पिवळा उजेड. म्हणजे ज्याला आपण काजळी म्हणून नाकं मुरडतो, तीच जळण्याआधी उजेड देत असते. २०११ साली स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात वुझाँग झाउ यांनी ज्योतीच्या आतले कण पकडून तपासले, तर त्यांत हिऱ्याचे अतिसूक्ष्म कण निघाले. दर सेकंदाला सुमारे १५ लाख! ते तयार होतात आणि क्षणात जळून जातात. देवघरात मेणबत्ती लावली की हिरे जन्मतात आणि जळतात, आणि आपण शांतपणे हात जोडून उभे असतो.

आता या मेणबत्तीशेजारी साबणाची वडी ठेवा. एक पेटणारी, दुसरी फेसाळणारी. दोघींचा काय संबंध? तो संबंध ज्यानं शोधला, त्याचं नाव मिशेल-युजीन शेव्हरल.

पॅरिसमध्ये काम करणाऱ्या या तरुण रसायनशास्त्रज्ञाकडे एका कापड कारखान्यातून मऊ साबणाचा नमुना तपासायला आला. तोवर समज असा की चरबी आणि क्षार एकमेकांत मिसळले की साबण होतो, बस. शेव्हरलनी साबणात आम्ल घातलं, तर त्यातून चमकदार स्फटिकांचा पदार्थ वेगळा झाला. तो चरबी नव्हता! म्हणजे साबण होताना चरबी मिसळत नाही, ती फुटते. पुढची बारा-एक वर्षं ते चरबीच्याच मागे होते. १८२३ साली त्यांचा ग्रंथ आला आणि तेल म्हणजे काय, हे माणसाला पहिल्यांदा नीट कळलं.

तेलाचा रेणू कसा असतो? दांडीवर शेजारी शेजारी तीन लांब धोतरं वाळत घातलेली डोळ्यांसमोर आणा. दांडी म्हणजे ग्लिसरीन, धोतरं म्हणजे स्निग्धाम्लांच्या लांबलचक साखळ्या. खोबरेल असो, तीळतेल असो की तूप, रचना हीच. साखळ्या किती लांब, सरळ की मध्येच वाकलेल्या, एवढाच फरक. कॉस्टिक सोडा येतो आणि तिन्ही साखळ्या दांडीवरून सोडवतो. सुटलेल्या साखळीच्या टोकाला सोडियम येऊन बसलं की झाला साबण. सोडियमऐवजी आम्ल वापरून साखळी मोकळीच ठेवली, तर मिळतं स्टिअरिक आम्लासारखं पांढरं, कडक, ६९ अंशांच्या आसपास वितळणारं द्रव्य. ते साच्यात ओतलं, मध्ये वात घातली की मेणबत्ती!

फूट एकच. तिच्या एका वाटेनं न्हाणीघर, दुसरीनं उजेड.

आणि दांडीचं, म्हणजे ग्लिसरीनचं काय? ती सर्वांत सुरस गोष्ट. जुन्या युरोपात गरिबाघरी जनावरांच्या चरबीच्या मेणबत्त्या जळत. त्या धुरकट, मऊ आणि उग्र वासाच्या. कढईत तेल फार तापल्यावर जो डोळ्यांत झोंबणारा वास येतो ना, त्यातला मोठा वाटा ग्लिसरीन करपून होणाऱ्या ॲक्रोलिनचा असतो. शेव्हरलच्या पद्धतीनं ग्लिसरीन वेगळं निघालं आणि १८२५ साली त्यांनी रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांच्याबरोबर नव्या मेणबत्तीचं पेटंट घेतलं. मेणबत्तीत नको असलेलं हेच ग्लिसरीन साबणात मात्र हवंहवंसं. ते पाणी धरून ठेवतं, त्यानं त्वचा मऊ राहते. मोठ्या कारखान्यांत ते बहुधा काढून घेऊन औषधांसाठी आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी वेगळं विकलं जातं. हातानं केलेल्या वडीत ते सगळंच्या सगळं राहतं. ‘हँडमेड’ साबण अंगाला वेगळा लागतो, त्याचं एक खरंखुरं कारण हे.

शेव्हरल १०२ वर्षं जगले. आयफेल टॉवरवर ज्या शास्त्रज्ञांची नावं कोरली, त्यांत त्यांचंही आहे. टॉवरचं उद्‌घाटन ३१ मार्च १८८९चं. त्यानंतर नऊ दिवसांनी ते गेले.

मग घरी साबण कसा होतो? ऐकायला अगदी सोपं. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवायचा, तो निवला की तेलात ओतायचा, घोटायचं, साच्यात भरायचं. पण पहिल्याच पायरीला हात जपा. सोडा पाण्यात पडताच शेगडीशिवाय पाणी ८०-९० अंशांपर्यंत तापू शकतं. म्हणून सोडा नेहमी पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवेतच. ॲल्युमिनियमचं पातेलं मुळीच नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. स्टीलचं चालतं.

यातली खरी कला वजनकाट्यावर आहे. शंभर ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक लागतो, शंभर ग्रॅम एरंडेलाला सुमारे १३. असं का? खोबरेलातल्या जवळजवळ निम्म्या साखळ्या अवघ्या बारा कार्बनच्या आहेत. साखळ्या आखूड, म्हणून तेवढ्याच वजनात त्यांची संख्या जास्त, म्हणून सोडाही जास्त. या आखूड साखळ्याच भरघोस फेस देतात, इतका की खोबरेलाचा साबण समुद्राच्या पाण्यातही फेसाळतो. ऑलिव्ह तेलातल्या बहुतेक साखळ्या अठरा कार्बनच्या आणि मध्ये वाकलेल्या, त्यांचा साबण सौम्य आणि फेस कमी. एरंडेलाच्या साखळीवर एक जादा ऑक्सिजन असतो, त्यामुळे फेस टिकतो. तीन तेलं, तीन स्वभाव. साबण करणारा बसतो तो त्यांचं प्रमाण जुळवत. मग तो हिशेबापेक्षा पाचेक टक्के सोडा मुद्दामच कमी घालतो, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि अंगावर सोडा उरत नाही.

घोटताना एक क्षण असा येतो की पाण्यासारखं मिश्रण दाटतं आणि वरून धार सोडली तर तिची रेघ पृष्ठभागावर उमटून राहते. याला सगळे साबणवाले ‘ट्रेस’ म्हणतात. आता मागे फिरता येत नाही. साच्यात भरल्यावर मिश्रण आपलं आपण तापतं, रेणू एकेक करून फुटत राहतात. एक-दोन दिवसांत वडी कापता येते. वापरायची मात्र नाही. चार ते सहा आठवडे ती हवेशीर जागी मुरू द्यायची. पाणी उडतं, वडी कडक होते, फेस सुधारतो. सीरियातल्या अलेप्पोचे कारागीर ऑलिव्ह आणि लॉरेलच्या तेलाचा साबण महिनोन्‌महिने मुरवतात. २०२४ साली युनेस्कोनं त्या कारागिरीला मानवी वारशाच्या यादीत स्थान दिलं.

आपल्याकडे टणक वडीसाठी कोकण आहे! कोकमाच्या बियांतून निघणारं, खोलीच्या तापमानाला दगडासारखं घट्ट राहणारं कोकमतेल, गोव्यात ज्याला भिरंडेल म्हणतात आणि जे पायांच्या भेगांना पिढ्यान्‌पिढ्या लावलं जातंय, त्यातल्या निम्म्याहून अधिक साखळ्या स्टिअरिक आम्लाच्या आहेत. शेव्हरलनी चरबीतून काढलं तेच हे. साबणात थोडं घातलं तरी वडी टणक होते. लांबून आणलेल्या शिया बटरच्या जाहिराती वाचताना याची आठवण ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

आणि रिठा! साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकट मळाला, म्हणून मळ पाण्याबरोबर निघून जातो. करोनाच्या विषाणूचं स्निग्ध वेष्टनही असंच फाटतं. ही युक्ती रिठ्याच्या झाडानं कॉस्टिकशिवाय साधली आहे. त्याच्या फळातल्या सॅपोनिनच्या रेणूला एका बाजूला साखरेची साखळी असते, ती पाण्यात रमते. दुसरी बाजू तेलात. शिकेकाईतही सॅपोनिनच. दिवाळीच्या पहाटे तेल चोळून वर उटणं लावतो, तेव्हा डाळीचं पीठ तेल शोषून घेतं. तिन्ही उपाय वेगळे, तिन्ही नामी.

आता सुगंध. इथे तर थक्क व्हायलाच होतं. आपल्या नाकात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक रेणू आहेत. त्यांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ साली लावला, २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. हे ग्राहक किती चोखंदळ असावेत? पुदिन्यातला मुख्य गंध कार्व्होन नावाच्या रेणूचा. बाळंतशोपेतही कार्व्होनच असतो. अणू तेच, संख्या तीच, जोडणी तीच. फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. नाकाला तेवढं पुरतं! एक पुदिना, दुसरी बाळंतशोप.

साबणात सुगंध टिकवणं मात्र कठीण. लिंबाच्या सालीतला लिमोनीन हलका, तो मुरता मुरताच उडून जातो. व्हॅनिलिन घातलं की पांढरी वडी काही दिवसांत तपकिरी होते. लवंगतेल जास्त पडलं तर मिश्रण साच्यात जायच्या आत पातेल्यातच गच्च बसतं. चंदनाचे रेणू जड, ते सावकाश उडतात, म्हणून चंदनाचा साबण शेवटच्या तुकड्यापर्यंत दरवळतो. पहिल्या महायुद्धात चंदनाची निर्यात अडली, तेव्हा म्हैसूर संस्थानानं १९१६ साली चंदनतेल स्वतःच काढायला घेतलं आणि म्हैसूर सँडल साबण त्यातूनच जन्मला.

सुगंधी मेणबत्तीचं गुपित आणखी वेगळं. सुगंध ज्योतीतून येतो असं वाटतं ना? ज्योतीत शिरलेला सुगंध तर जळूनच जातो. दरवळतं ते वातीभोवतीचं वितळलेल्या मेणाचं तळं. म्हणून पहिल्यांदा लावताना ते तळं काचेच्या कडेपर्यंत पोचेस्तोवर विझवू नका. लवकर विझवलीत तर पुढच्या वेळी मेण मध्येच खोल खणत जातं आणि कडेचं मेण सुगंधासकट वाया जातं. वात पाच-सहा मिलिमीटर ठेवा. विणलेल्या वातीचं टोक जळताना वाकून ज्योतीबाहेर येतं आणि राख होऊन गळतं. ही युक्ती १८२५च्या सुमाराची, फ्रान्समधल्या कांबासेरेस यांची. त्याआधी लोकांना दर थोड्या वेळानं कात्री घेऊन वात छाटत बसावं लागे.

बाजारातल्या बहुतेक मेणबत्त्या खनिज तेलातून निघणाऱ्या पॅराफिनच्या असतात. सोया मेण म्हणजे हायड्रोजन जोडून घट्ट केलेलं सोयाबीन तेल. त्यात ग्लिसरीन असतंच, पण चांगल्या वातीवर तेही पूर्ण जळतं. माझ्या मते सोया की पॅराफिन यापेक्षा वात भांड्याच्या रुंदीला साजेशी आहे का, हे जास्त महत्त्वाचं. काजळी धरणारी मेणबत्ती कितीही नैसर्गिक असली तरी वाईटच. सोया मेण मऊ असतं, त्यामुळे आपल्या मे महिन्यात ते काचेच्या भांड्यातच घ्यावं.

साबण घेताना आणखी एक बघा. ‘हातानं केलेला’ म्हणून विकला जाणारा बराच साबण तयार बेस वितळवून, त्यात रंग आणि सुगंध घालून ओतलेला असतो. त्यात गैर काही नाही, मुलांबरोबर करायला तर तोच योग्य, कारण त्यात कॉस्टिक हाताळावा लागत नाही. पण तेलापासून केलेल्या वडीची किंमत त्याला देऊ नका. पावसाळ्यात वडीवर दवासारखे थेंब दिसले तर घाबरू नका, ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतंय. बोअरच्या पाण्यात फेस येईना, तर दोष वडीचा नाही; पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून त्याची साय करतं. आणि विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: कोणती तेलं, आणि साच्यात कधी ओतला? चार आठवडे झाले नसतील, तर वडी घ्या पण उरलेले दिवस ती घरी मुरू द्या.