धूळ आणि मीठ : बर्फातले दोन साक्षीदार

वर्गात हिमयुगाचा विषय निघाला की एखादा हात हमखास वर येतो. ‘तेव्हा थर्मामीटरच नव्हते, मग किती थंडी होती हे मोजले कुणी?’ प्रश्न रास्त आहे. हवामानबदलाविषयी मोबाइलवर रोज जे उलटसुलट फिरते, ते पाहता हा प्रश्न आपण मोठ्यांनीही विचारायला हवा. दावा आहे तर पुरावा हवा. हा पुरावा दक्षिण ध्रुवाकडच्या अंटार्क्टिकाच्या बर्फात आहे.

तिथे आतल्या भागात पडलेले हिम वितळत नाही. दरवर्षीचा थर आधीच्या थरावर बसतो आणि खालचे हिम दाबून दाबून घट्ट बर्फ होतो. ‘डोम सी’ नावाच्या ठिकाणी युरोपातील दहा देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून बर्फात सुमारे ३२७० मीटर खोल भोक पाडले. २००४ च्या डिसेंबरात ते काम पुरे झाले. त्यातून बर्फाच्या लांब कांड्या वर काढल्या. आपण बोअरवेल खणतो तेव्हा खालची माती वर येते, तसेच हे. फक्त इथे कांडी अखंड राहावी याची काळजी घेतात. या बर्फाने ८ लाख वर्षांचा इतिहास जपला आहे.

बर्फातल्या पाण्याच्या रचनेवरून तेव्हाचे तापमान कळते. अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून कार्बन डायऑक्साइड मोजता येतो. पण आसपासची जमीन आणि समुद्र कोणत्या हालतीत होते, हे सांगतात धूळ आणि मीठ. कांडीचा तुकडा गरम पाट्यावर हळूहळू वितळवतात. बाहेरच्या भागाला हात आणि हत्यारे लागलेली असतात, म्हणून ते पाणी टाकून देतात. आतल्या स्वच्छ पाण्यातले धुळीचे कण आणि क्षार यंत्रांनी मोजतात.

आधी धूळ पाहू. हे कण साधारण दोन मायक्रॉनचे, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या कितीतरी पट बारीक. चोहीकडे बर्फच बर्फ असताना ही माती आली कुठून? कणांतील स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियम या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगवेगळ्या प्रदेशांतील मातीशी ताडून पाहिले. हिमयुगातील धुळीचे माप जुळले ते मुख्यतः दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील पॅटागोनियाशी. म्हणजे समुद्र ओलांडून, हजारो किलोमीटर वाऱ्यावर आलेली माती! हिमयुगाच्या ऐन थंडीत ती आजच्यापेक्षा सुमारे २५ पट जास्त पडत होती. तेव्हा जमीन कोरडी आणि उघडी होती, हिमनद्या दगड दळून पीठ करत होत्या आणि वाटेत धूळ धुऊन काढणारा पाऊसही कमी होता.

आता मीठ. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना खारा वारा समजावून सांगायला नको; खिडकीचे गजच सांगतात. लाटा फुटतात, तुषार सुकतात आणि मिठाचे कण वाऱ्याबरोबर आत जातात. डोम सी किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर आत आहे, तरी तिथेही मीठ पोचते. हिमयुगात अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र दूरवर गोठत होता. मोकळे पाणी लांब गेले, म्हणजे मीठ कमी मिळायला हवे. प्रत्यक्षात जास्त मिळाले. वारे फार जोरदार असतील, असा अर्थ आधी लावला गेला.

पुढे दुसरी शक्यता समोर आली. समुद्राचे पाणी गोठताना मीठ बाहेर टाकते. ते खारे पाणी गोठलेल्या समुद्राच्या पृष्ठभागावर येते, वरच्या हिमात मुरते आणि वारा ते हिम उडवून नेतो. म्हणजे गोठलेला समुद्र स्वतःच मीठ पुरवू शकतो. याची खूणही सापडली. कडक थंडीत खाऱ्या पाण्यातून सोडियम सल्फेट आधीच वेगळे होऊन खाली बसते. त्यामुळे अशा मिठात समुद्राच्या पाण्याच्या मानाने सल्फेट कमी असायला हवे. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात हवेतले मीठ तपासले, तेव्हा सल्फेट खरोखर कमी निघाले. म्हणून आज मिठाकडे समुद्री बर्फाच्या विस्ताराची खूण म्हणून पाहतात.

तरीही एकट्या मिठावर कुणी निकाल देत नाही. वाऱ्याचा जोर आणि अंतर यांनीही त्याचे प्रमाण बदलते. शिवाय थोडे सोडियम धुळीतही असते आणि थोडे कॅल्शियम समुद्राच्या मिठातही. समुद्राच्या पाण्यात या दोघांचे प्रमाण ठरलेले असल्याने हिशेब मांडून धुळीचा वाटा आणि समुद्राचा वाटा वेगळा करावा लागतो. मग तापमान, हवेचे बुडबुडे, समुद्रतळाचा गाळ यांच्याशी मेळ घातला जातो. साक्षी जुळल्या तरच गोष्ट पुढे जाते.

अशा तपासणीतून जे हाती आले, ते आपल्या काळाला लागू आहे. ८ लाख वर्षांत हवेतील कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण १८० ते ३०० भाग एवढ्याच मर्यादेत वरखाली झाला. आज तो ४२० च्या वर आहे. पृथ्वीचे तापमान थोडे बदलले की जमीन, वारा, समुद्र सारेच बदलतात, हे धूळ आणि मीठ दाखवतात.

जानेवारी २०२५ मध्ये युरोपच्या पथकाने डोम सीजवळच २८०० मीटर खोलीचा बर्फ वर काढला. तो किमान १२ लाख वर्षांचा आहे. आपल्याकडे गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातही अंटार्क्टिकाहून आणलेला बर्फ गोठणबिंदूच्या खाली जपून तपासला जातो. घरातल्या ज्या मुलामुलीला रसायनशास्त्र किंवा भूगोल आवडतो, त्यांना हे जरूर सांगावे. हवामानाच्या खऱ्याखोट्याचा निवाडा करणारे हे काम आपल्या शेजारच्या राज्यातही चालते.